भातासाठी केलेली तार

सकाळी मुंबई बंदरातल्या उंच काठीवर वादळाचा बावटा चढला आणि आमच्या मालबोटीची शिडी वर ओढली गेली. मी मावळातल्या औंढ्याचा, खलाशी म्हणून लागून दुसरंच वर्ष. आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, रत्नागिरीकडचा. त्यानं बजावलं, "वादळ जाईपर्यंत कोणी खाली उतरायचा नाय."

मला तर उतरायचंच होतं. घरी भात कापून खाचरात वाळत पडलेलं, आणि तिथं म्हातारे आईबाप दोघंच. मावळात त्या दिवशी कोणी वर मान करून पाहिलंही नसेल, इतकं आभाळ स्वच्छ होतं. रात्रीच्या आत पाऊस कोसळणार हे ठाऊक असलेला औंढ्याचा एकच माणूस, आणि तो बोटीवर अडकलेला!

दिवसभर हात चालू होते. धक्क्याला बांधलेले चार दोरखंड आठ केले. गाडीवर पेंढा आवळतात तसा मी पाय लावून दोर आवळायला गेलो, तर सारंगानं शिवी हासडली. ओहोटीला पाणी उतरलं की ताणलेला दोर तुटतो, त्याला ढील ठेवावी लागते. मग मालाच्या खणावर फळ्या, फळ्यांवर एकीवर एक तीन ताडपत्र्या, आणि कडेनं लाकडी पाचरी. खाली माल कसला? रंगूनचा तांदूळ. परक्याच्या तांदळाला तीन-तीन पांघरुणं आणि आमचा आंबेमोहोर उघड्यावर! एकेक पाचर मी रागानं ठोकली. सारंग माझ्या कामावर खूश झाला.

त्याच गडबडीत, दुपारच्या आत, धक्क्यावरून चाललेल्या एका कारकुनाला कठड्यावरून हाका मारल्या, रुमालात पैसे बांधून टाकले आणि गळ घातली: माझ्या बापाला तार करा, भात गोळा कर, वादळ येतंय. माणूस भला. त्यानं लगेच तार केली, इंग्रजीत. मोठाच तीर मारला असं मला वाटलं.

सांजेला वारा सुटला. दोन दिवस आम्ही दारं लावून खाली कोंडून पडलो होतो. ओकाऱ्यांचा वास, कुबट अंधार, आणि बोटीचं धक्क्यावर आदळणं. बाहेर पडावंसं इतकं वाटे की दोनदा मी दाराशी जाऊन परत आलो. समाधान एवढंच, की घरी भाताच्या पेंढ्यांची उडवी रचून, झाकून झाली असेल.

तिसऱ्या दिवशी सुटका झाली. लोणावळ्याला उतरून चालत निघालो, तर औंढ्याच्या शिवारात भात पाण्यावर तरंगत होतं. आमचंच नव्हे, सगळ्या गावाचं.

बापानं ओसरीवर बसवून सांगितलं. तार दुपारीच पोचली होती. पण आमच्याकडे तार यायची ती माणूस गेल्याचीच. इंग्रजी वाचणार कोण? आईनं हंबरडा फोडला. गावात मयत झाल्यावर शेतात विळा चालत नाही. सगळी माणसं कापलेलं भात तसंच टाकून आमच्या अंगणात येऊन बसली. बाप कागद घेऊन लोणावळ्याला पळाला. स्टेशनातल्या बाबूनं माझाच निरोप आहे असं वाचून दाखवलं तेव्हा थेंब पडायला लागले होते.

"म्या त्या बाबूच्या पायाच पडलो," बाप म्हणाला. "पाऊस लागलाय ह्याचं भानच न्हाई."

माझ्या शहाणपणापायी गावाचं भात भिजलं. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. "रडायचं ते रडा, पण आधी भात तरी उचलायचं!" मी फणकारलो.

आई आतून आली. "दुपारधरनं दिवे लागंपतुर तू मेला हुतास," ती म्हणाली. "मला भाताचं सांगू नगंस."

तिनं ताट वाढलं आणि शेजारी बसून माझ्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं. समोर माणसं गुडघाभर पाण्यातून पेंढ्या उचलत होती. मला उठून त्यांच्यात जायचं होतं. जेवण झालं, उष्टा हात वाळला, तरी तिनं सदरा सोडला नाही.