भाऊजींचा जंगलातला पांडा

चीन फिरून आल्यावर माझ्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याने आम्हा सगळ्यांना शंकर नगरच्या घरी फोटो पाहायला बोलावलं. "मी तं जंगलातला पांडा पाहून आलो, एकदम समोर!" भाऊजी टीव्हीपुढे उभे राहून सांगत होते. फोटोत पांडा बांबू खात बसला होता आणि त्याच्या पोटावर भाऊजींचंच प्रतिबिंब पडलं होतं, टोपीसकट.

"हा काचेमागचा आहे, पाळलेला," मी म्हणाले. "रानातला पांडा उंच डोंगरांत, बांबूच्या दाट झाडीत राहतो. तिथल्या लोकांनाही तो सहसा दिसत नाही."

"मग हे काय आपलं अभनपूर आहे? चीनच आहे न!"

माझी भाची म्हणाली, "पापा, वो तो सेंटर था. टिकट लिया था हमने."

"तू चूप बस."

पाहुणे हसले, तेही भाऊजींच्याच बाजूने. अशा माणसाशी वाद घालणंसुद्धा मला कमीपणाचं वाटलं. जेवताना ते पांडा किती आळशी असतो हे सांगत राहिले आणि ताई त्यांच्या ताटात गरम पुऱ्या वाढत राहिली. पुढच्याच आठवड्यात तेलीबांध्याच्या एका लग्नात मी त्यांना पुन्हा तीच गोष्ट सांगताना ऐकलं. तोवर त्या जंगलात बर्फही पडायला लागला होता.