काळ्या तोंडाच्या देवाचा कौल

शेजारच्या चिनी म्हातारीकडून धुपाचा वास आला, की आमची ही अजून माझ्याकडे बघून हसते. फार वर्षांपूर्वी, हिच्या हृदयाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, म्हातारीने आम्हाला तिच्या देव्हाऱ्यापुढे नेलं. देव म्हणजे काळ्या तोंडाचा बौद्ध भिक्षू, त्यांच्या गावाचा राखणदार. तिने कौलासाठी लाकडाचे दोन अर्धचंद्र टाकले. दोन्ही उताणे पडले.

"अंकल, देव हसतोय. पुन्हा विचारा," तिची सून म्हणाली.

"हसतो काय! कोकणातल्या माणसाला कौल शिकवता?" मी ते तुकडे उचलले आणि मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा, हिला सुखरूप घरी आण!"

"होय म्हाराजा!" ही खणखणीत ओरडली.

मी तुकडे टाकले. एक उताणा, एक पालथा. म्हणजे हो. म्हातारीने टाळ्या वाजवल्या.

तेव्हा वाटलं, देवाला मी नमवलं. आता कळतं, ऑपरेशन हिचं होतं आणि धीर हीच मला देत होती.