पन्नासावं तोंड

विषय : कुंभकोणम येथील दंतसंशोधन सेक्शन बंद न करणेबाबत.
संदर्भ : पान कधीही न खाल्लेली पन्नास तोंडं सादर करण्याची मद्रासची अट.

हा अर्ज माझ्याच अक्षरातला. आयुष्यभर कारकुनी केली. कागद निकालात निघतात, किस्से मात्र साचत जातात. ते नष्ट करण्याबद्दल सरकारने कधी नियमच काढला नाही!

मद्रासच्या दंतवैद्यक शाळेला जाणून घ्यायचं होतं, पानाने दात टिकतात की किडतात. त्यासाठी आमच्या गावासारखं गाव नाही. सेक्शन म्हणजे इस्पितळाची मागची ओसरी, डॉक्टर रंगनाथन, प्यून मुरुगेसन आणि मी. पान खाणारी तोंडं पंधरा दिवसांत रजिस्टरात मावेनात. तेव्हा ऑर्डर आली : तुलनेसाठी पान न खाणारी पन्नास तोंडं पंगुनी, म्हणजे तमिळ फाल्गुन, महिनाअखेर द्या, नाहीतर सेक्शन बंद करून डॉक्टरांनी परत यावं.

डॉक्टर गेले की गावाच्या दाढा पुन्हा न्हाव्याच्या पकडीत. डॉक्टर जवळच्या तिरुविसनल्लूरचे. त्यांचा थोरला भाऊ त्या पकडीनंतर जबडा सुजून गेला होता. हे त्यांनी कधी सांगितलं नाही, मुरुगेसनने सांगितलं.

*

दात तपासायची खुर्ची मंजूर नव्हती. म्हणून न्हाव्याचीच खुर्ची मागून आणली! मंगळवारी, शुक्रवारी आणि अमावास्येला गावात कोणी हजामत करत नाही, तेव्हा ती मोकळी असे. म्हणून संशोधनही त्याच दिवशी.

आता अमावास्येला आमच्याकडे दात घासत नाहीत. नुसत्या चुळा भरतात. रजिस्टरात त्या दिवशीची तोंडं फारच वाईट उतरत. मद्रासहून विचारणा आली : "आपल्या गावी दात चंद्राच्या कलेप्रमाणे मळतात काय? खुलासा करावा."

डॉक्टर म्हणाले, "राव, लिहा. होय."

*

नाचियार्कोविलच्या एका दिवेवाल्याची दाढ काढून आम्ही बरणीत ठेवली, चिठ्ठी लावली. महिन्याने तो दाढ परत मागायला आला.

मी म्हटलं, "अय्या, ती आता सरकारी मालमत्ता."

त्याने बरणी हलवून पाहिली. "सरकारची होय? मग दुखत होती तेव्हा सरकार कुठे होतं?"

*

पान न खाणारे शोधायला निघालो. नगरपालिकेचे एक सभासद स्वतःहून आले. "लिहून घ्या. मी पान खात नाही."

"कधीच नाही?"

"जेवणानंतर घेतो तेवढंच. आणि कोणी आलं-गेलं तर."

"घरी कोणी येतं-जातं?"

"सभासदाच्या घरी? दिवसभर!"

*

मग कॉलेजचे विद्यार्थी आणले. ब्रह्मचाऱ्याला विडा वर्ज्य, म्हणून डॉक्टर खुशीत. पहिल्याच्या तोंडात आरसा घातला आणि मला बोलावलं. "राव, बघा. मागच्या दाढेला आतून पानाची विटकरी रेघ. कोळशाने घासा, राखेने घासा, जात नाही. माणूस खोटं बोलेल, ही बोलत नाही."

मुलगा गडबडला. "अय्या, देवळातला प्रसाद होता!"

"रोज?"

"देव रोज असतो ना, अय्या."

बारा विद्यार्थ्यांत बारा रेघा. देवावर निष्ठा असावी ती अशी!

*

पंगुनी अर्धा सरला आणि रजिस्टरचं ते पान कोरंच. घरी हे बोललो तर माझी कावेरी आत्या जपमाळ थांबवून म्हणाली, "व्यंकू, तुम्ही शिकलेली माणसं! या गावात पान कोणाला वर्ज्य आहे, ते दारात बसलेलं दिसत नाही होय?"

आत्या अकराव्या वर्षी विधवा झालेली. लाल आलवण, केस काढलेले, चाळीस वर्षं एकवेळ जेवण. आमच्या आळीत तिच्या सोवळ्याची शपथ घेत.

तिने अटी घातल्या. "हात लावायचा नाही. नाव लिहायचं नाही. आणि दात बघायचे, तोंड बघायचं नाही!"

डॉक्टर म्हणाले, "अम्मा, दात तोंडातच असतात."

"तो तुझा प्रश्न. आरसा आत घाल, डोळे बाहेर ठेव."

त्या मंगळवारी नदीवरून न्हाऊन आळीतल्या सोवळ्या बायका ओळीने आल्या. प्रत्येकीच्या हातात आपापला पितळी चमचा, गाल ओढायला. न्हाव्याच्या खुर्चीत बसायला एकही तयार होईना. न्हावी त्यांना दर महिन्याला भेटत होता तेवढा पुरे होता. त्या कट्ट्यावर बसल्या. डॉक्टर आरसा उकळत्या पाण्यातून काढत. आत्या त्यावर पुन्हा कावेरीचं पाणी घाली.

रेघ कुठेच नव्हती. डॉक्टरांनी त्या दिवशी पहिल्यांदा मला कॉफी पाजली.

तीन खेपांत एकोणपन्नास झाल्या.

*

पंगुनीतला शेवटचा शुक्रवार. संध्याकाळच्या टपालाने कागद मद्रासला जायचे होते. पन्नासावी बाई तापाने आली नाही. मुरुगेसन दारात उभा राहून रस्ता बघत होता.

डॉक्टर म्हणाले, "अम्मा, तुम्हीच बसा की. घरचंच तोंड आहे."

आत्या म्हणाली, "माझे कसले बघतोस? म्हातारीचे दात."

मी म्हटलं, "आत्या, एकच कमी आहे गं. डॉक्टर जातील."

तिने पदरातला चमचा काढला. मग कट्ट्यावर बसली, चमच्याने गाल ओढला आणि डोळे मिटले.

डॉक्टरांनी आरसा आत घातला. मी मागे रजिस्टर घेऊन उभा होतो. आरशात मागची दाढ दिसत होती. मलाही दिसली.

डॉक्टरांनी आरसा जरा वळवून पुन्हा पाहिलं. मग आरसा काढून पुसला.

"राव, लिहा. नंबर पन्नास. उजेड अपुरा. तपासणी झाली नाही."

सकाळचे अकरा वाजले होते. ओसरीपुढे पाय ठेववत नव्हता इतकं ऊन.

आत्याने डोळे उघडले. "काय रे, दिसले का माझे दात?"

"नाही, अम्मा," डॉक्टर म्हणाले. "ढग आला."

आत्याने आभाळाकडे पाहिलं नाही. चमचा धुतला, पदरात बांधला आणि घरी गेली.

एकोणपन्नास तोंडं त्या संध्याकाळी मद्रासला गेली. सोबत मुदतवाढीचा अर्ज, वर दिलेल्या विषयाचा. उत्तर येईपर्यंत म्हणून मद्रासने डॉक्टरांना परत बोलावलं. न्हावी खुर्ची घेऊन गेला.

मी रिटायर झालो त्या दिवशी फाईल पुन्हा उघडून पाहिली. अर्ज विचाराधीन आहे.