बेरीची बिस्किटं

परवाच्या रविवारी सकाळी आमची सौ. पिंपरीच्या भट्टीवरून परत आली, ती नेलेलं सामान तसंच घेऊन... आणि माझं डोकं फिरलं.

दिवाळीआधी आमच्याकडची पद्धत अशी. मैदा, साखर, तूप घरचं न्यायचं, भट्टीवाला त्याची बिस्किटं मळून भाजून देतो. कासारवाडीच्या आमच्या चाळीतल्या सगळ्या बायका मिळून जातात आणि नंबर लावून बसतात.

आमचं तूप मी स्वतः कढवलं होतं. लोणी मंद आचेवर ठेवायचं, ढवळणं थांबवायचं नाही, तळाची बेरी भाजक्या सुपारीच्या रंगाची झाली की त्याच क्षणी पातेलं खाली... आणि गाळायचं नाही. बेरीसकट घ्यायचं. सोबत दालचिनीची पूड, तीही वस्त्रगाळ.

हे मला कुणी शिकवलेलं नाही. फॅक्टरीतल्या परदेशी साहेबाच्या बंगल्यावर पंखा दुरुस्त करायला गेलो होतो, तेव्हा मडमेने एक बिस्कीट हातावर ठेवलं. वरून दालचिनी-साखर, आणि आत... अहो, ही तर आपली बेरी! कृती विचारली नाही. जिभेला कळलं तेवढं मला पुरे होतं.

तर भट्टीवाल्या शेठने झाकण उघडून वास घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "वहिनी, तूप जाळून आणलंत. माझ्या भट्टीचं नाव घालवाल. न्या परत." मागून कुणीतरी बोललं, "अगं, तिच्या मालकांनी मशीनचं ऑइल दिलं असेल भरून!" सगळी रांग हसली.

घरी येऊन सौ. एवढंच म्हणाली, "अहो, माझ्या भावाने चाकणहून एसटीत मांडीवर धरून आणलेलं लोणी ते. दिवाळीचं सगळं तूप त्यातच आहे. आता ते काळं तूप मी कशात घालू?"

मी म्हटलं, भट्टी गेली खड्ड्यात. मी फिटर आहे, भट्टी मीच करतो.

पत्र्याचा मोठा डबा आडवा पाडला. आत दोन बोटं वाळू, वाळूवर ताटली, खाली शेगडी, वर पत्र्यावर निखारे. आत कागदाचा कपटा ठेवायचा. शंभर आकडे मोजेपर्यंत तो बदामी झाला तर आच बरोबर, काळा पडला तर वरचे निखारे कमी करायचे. तीन कपटे जाळले, तेव्हा जमलं.

शेजारचे गेनबा मूळचे भोसरीचे. ते दारात येऊन उभे राहिले. "फिटरभाऊ, इंजान सुरू करताय व्हय?"

मी पातेल्याकडे वळलो. अर्धं तूप कडकडीत तापवलं आणि मैदा-साखरेवर ओतलं. शंकरपाळ्यांना घालतात तसं. मोहन कडकडीत म्हणजे पदार्थ खुसखुशीत, एवढं तर घरोघरी ठाऊक असतं...

गोळे वळून आत ठेवले, आणि डबा उघडला तर सगळ्यांची मिळून एकच पोळी झालेली. साखर विरघळून ताटलीला चिकटली होती. गेनबा वाकून बघत म्हणाले, "ह्याला बिस्कीट म्हनायचं का थालपीठ?"

खरं सांगतो, अर्धी दिवाळी त्या ताटलीत होती.

सौ. उठली. माझ्या हातातून पातेलं काढून घेतलं. "मला विचारलंत का एकदा तरी? नानकटाईला आमच्या आईने कधी गरम तूप घातलं नाही."

तिने पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवलं. तूप थिजलं, बेरीचे कण त्यात तसेच अडकून राहिले. मग साखर घालून तळहाताने फेसत बसली, हलकं होईपर्यंत... चांगला अर्धा तास. उरलेलं सगळं तूप तिने घेतलं होतं.

"अनारशांचं काय?" मी हळूच विचारलं.

"तेलात तळीन," ती म्हणाली. मान वर न करता.

तिने मैदा मिसळल्यावर गोळे मी वळले, सगळे एका मापाचे. दालचिनी-साखरेत घोळवले, बोटाएवढं अंतर सोडून मांडले. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. डबा उघडला तर वरून भेगाळलेली, कडेने तांबूस, आणि घरभर तो वास... गेनबा दोन खाऊन म्हणाले, "न्हाई बा, हे थालपीठ न्हाई."

मला वाटलं, जिंकलो, झालं. पण सौ.ने ताट रुमालाने झाकलं, पदर खोचला आणि थेट भट्टीकडे निघाली. रांग तशीच होती. मी सायकल धरून लांब उभा राहिलो. तिने रांगेतल्या प्रत्येकीच्या हातावर एकेक ठेवलं. ऑइलवालीच्यासुद्धा. शेवटी शेठला दिलं.

शेठने एक घास घेतला आणि चावायचा थांबला. मग हात पुढे केला. "वहिनी, अजून एक..."

तिने ताटावर रुमाल ओढला. "राहू द्या शेठ. जळकं आहे हो."

रांग पुन्हा हसली. या वेळी शेठला. तो मैदा चाळायला लागला.

तर यंदा आमचे अनारसे तेलातले आहेत. ज्यांना नाक मुरडायचं त्यांनी खुशाल मुरडावं, आमच्या दाराला कडी नसते. बिस्किटांच्या डब्याला हात लावण्याआधी मात्र तिला विचारा... मीसुद्धा आता विचारतो.