चिकूच्या वाईनचे पहिले दोन थेंब

मंडळी, बोलतेय मी, टाइप करतेय नात. चुकलं तर तिला बोला, शाळा ती शिकलीय, मी नाही.

आज तिने मला कोसबाडजवळच्या एका घरगुती वायनरीत नेलं. चिकूची वाईन! अख्खा जन्म ताडी-चिकूच्या मुलखात गेला, पण चिकू असा बाटलीत बसलेला पाहिला नव्हता. वाईन ओतणाऱ्या तिथल्या सुनेला मी विचारत सुटले. झाडं कोणाची? सासऱ्यांनी लावलेली. मऊ पडलेलं फळ व्यापारी घेईना, म्हणून त्यांच्या मुलाने वाईन सुरू केली. तोवर सासरे गेले होते. आता वाईन ही सूनच बनवते.

"आणि ह्या काय म्हणतात?" मी कोपऱ्यात बसलेल्या सासूबाईंकडे बोट केलं.

"गिऱ्हाइकं चांगली म्हणतात," सून हळूच म्हणाली. "आईंनी अजून तोंडसुद्धा लावलं नाही."

माझ्या हातात ग्लास आला. आमच्या पाड्यावर पिण्याआधी दोन थेंब जमिनीला देतात, गेलेल्यांच्या नावाने. मीही झाडं लावणाऱ्या त्या बाबांसाठी चकचकीत लादीवर दोन थेंब सोडले. सून फडकं घेऊन धावली.

"राहू दे गं," सासूबाई म्हणाल्या. "त्यांना आजवर कोणी दिलीच नव्हती." मग हात पुढे करून म्हणाल्या, "आण, मलाही दे."

घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "पुढच्या वेळी थोडी गोड कर."

एवढ्यावर सून अशी हसली, जशी बक्षीस मिळाल्यावर पोरं हसतात.

मला मात्र दुसरा ग्लास कोणी विचारला नाही. मंडळी, तुमच्या हातचं असं काय आहे, जे पाहुणे चाखून जातात आणि घरातल्या म्हाताऱ्यांना मात्र कोणी विचारतच नाही?