शालिनीताईंच्या मुंग्या

आदरणीय शालिनीताई ओव्हाळ यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते जिन्यात. लहान मुलांची चित्रपुस्तकं काढणारी आमची प्रकाशनसंस्था पहिल्या मजल्यावर होती आणि ताई मधल्या पायरीवर बसून कोथिंबिरीची जुडी सोडत होत्या, बांधत होत्या, परत सोडत होत्या. मी भंडाऱ्याहून संगणकावर पानं लावण्याचा कोर्स करून आलेली, नोकरीचा पहिला दिवस, आणि वाटेत या बाई. मी अंग चोरून जायला लागले तर म्हणाल्या, "अहो, जरा थांबा. जुडीचा सुंभ डावीकडून गुंडाळतात की उजवीकडून?" मी म्हटलं, माहीत नाही. "रोज कोथिंबीर खाता ना?" एवढंच म्हणून त्यांनी मला वाट दिली. ती जुडी पुढे एका चित्राच्या कोपऱ्यात, भाजीवालीच्या पाटीत, अंगठ्याच्या नखाएवढी आली.

या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाने पत्रात कळवलं आहे, की लेखात ताईंचं कार्य, त्यांची मूल्यं आणि व्यक्तिगत जिव्हाळा असं सगळं क्रमाने यावं. मी प्रयत्न करते. क्रम राहील याची हमी नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते गौरवग्रंथात सहसा कुणी सांगत नाही.

आधी कार्य. ताई हडपसरला राहतात, एकट्याच. वडील कारखान्यात होते, त्यांनी घेतलेल्या दोन खोल्या. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली टेबल, टेबलासमोर खिडकी. सकाळचा चहा झाला की ताई बाहेर पडत आणि तासभर नुसत्या बघत हिंडत. शिंपी दोरा दातांनी तोडतो की कात्रीने, बाळ खांद्यावर झोपलं की आईची मान कुठल्या बाजूला जाते, असलं काहीबाही. लोकांना संशय यायचा. एकदा मीच बरोबर होते, तेव्हा एका हातगाडीवाल्याने गाडीच उचलली. "मॅडम, कारपोरेशनच्या का तुम्ही?" ताई म्हणाल्या, "नाही हो, तुमचं चाक बघत होते. छान कुरकुरतं." तो माणूस गाडी घेऊन गेला तो गेलाच.

चित्र झालं की पसंती संपादकांची नसे. बुधवारी ताई बस धरून लोणी काळभोरच्या बालवाडीत जात, चित्र सतरंजीवर ठेवत आणि गप्प बसत. पोराचं बोट जिथे थांबेल तिथे चित्र जिवंत, न थांबेल तिथे मेलेलं, असा त्यांचा हिशेब. एका म्हशीला तिथल्या चार वर्षांच्या मुलीने नापास केलं. "ही म्हस आजारी हाय." झालं. ताईंनी ती म्हैस तीनदा काढली. आमचे संपादक घायकुतीला आले, पुस्तक महिनाभर लांबलं. चौथ्या बुधवारी ती मुलगी म्हणाली, "आता गाभण हाय," तेव्हा कुठे चित्र ऑफिसात आलं.

आता त्यांच्या आयुष्यातल्या एकमेव चैनीबद्दल. ती होती शनिवार. आमची पुस्तकं ज्या छापखान्यात छापली जात, त्याचे मालक भास्करराव. दर शनिवारी चार वाजता ताई नवी चित्रं कापडी पिशवीत घालून छापखान्यात जात. प्रत्येक चित्रात त्यांनी काहीतरी बारीक लपवलेलं असे, ज्याचा मजकुरात उल्लेख नसे. भास्कररावांनी भिंग घेऊन ते शोधायचं. सापडेपर्यंत चहा मागवायचा नाही. "ताई, चहाची वेळ टळली, काहीतरी खूण सांगा." "शोधा." मग छताला लटकलेलं कोळ्याचं पिल्लू नाहीतर मांजराच्या मिशीला लागलेली साय सापडे आणि दोघं खुदकन हसत. वीसेक वर्षं हे चाललं होतं. दोघांच्या वागण्यात काही वावगं शोधणाऱ्यांनी शोधलं, त्यांना भिंग घेऊनही मिळालं नाही. एकीने काढलेलं दुसऱ्याला दिसतं, एवढंच ते होतं, आणि तेवढं फार थोड्यांना मिळतं.

तेव्हाच संगणक आले. ऑफिसात स्कॅनर आला आणि त्यावर बसायला मी. पूर्वी मूळ चित्रं छापखान्यात जात, तिथेच त्यांची छपाईसाठी फिल्म निघे. आता चित्रं थेट माझ्याकडे यायला लागली आणि छापखान्यात तयार फिल्म जायला लागली. त्या घाईत एका पुस्तकाची चित्रं शनिवार चुकवून सरळ ऑफिसात आली. भास्कररावांनी ती पाहिली नाहीत. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं.

सोळा पानांचं पुस्तक. एक मुलगी सकाळी चुरमुरे खाताना एक चुरमुरा सांडते आणि दिवसभर घरात एकटी खेळते, एवढीच गोष्ट. मी चित्रं स्कॅन केली. मोठी करून बघितली तर पानोपानी बारीक काळे ठिपके. नवा स्कॅनर, त्याच्या काचेवर कायम धूळ. आम्हाला शिकवलेलंच होतं, की पान आधी स्वच्छ करायचं. दोन दिवस मान मोडून मी एकेक ठिपका पुसला. पाठ दुखेपर्यंत पुसला. स्वतःवर खूश होते मी, दुसरं काय!

त्या मुंग्या होत्या. पहिल्या पानावर त्या चुरमुऱ्यापाशी येतात, तो उचलतात, फरशीच्या कडेने, दाराखालून, कपाटामागून, पानामागून पान जात राहतात आणि शेवटच्या पानावर भिंतीच्या फटीशी पोचतात. तिथे ती मुलगी पालथी पडून त्यांच्याकडे बघत असते. दिवसभराची एकटी पोर, तिला संध्याकाळी सोबत मिळते. मी मुंग्या पुसल्यामुळे ती रिकाम्या भिंतीकडे टक लावून बघत पडलेली दिसत होती. एका परीक्षणकर्त्यांनी 'शेवटच्या चित्रातील अर्थपूर्ण रिकामेपणा'ची तारीफही केली. पुण्यात रिकामेपणाला अर्थ लावणारे कमी नाहीत.

छापील प्रत हातात आली तेव्हा ताई माझ्यासमोरच उभ्या होत्या. त्यांनी शेवटचं पान उघडलं, बघितलं, मिटलं. "भास्करराव आहेत का प्रेसवर?" म्हणून विचारलं आणि जिना उतरल्या. इतकी वर्षं छपाईत काही बिघडलं तर ते छापखान्यातच बिघडत आलं होतं. मी मूळ चित्र काढून पाहिलं. ठिपक्यांना पाय होते.

ताई पोचायच्या आत मी छापखान्यात फोन फिरवला. "काका, मी पुसलं ते. मला धूळ वाटली." मग भास्कररावांनी विचारलं, "नोकरीला किती महिने झाले?"

"चार."

"राहतेस कुठं?"

"कॉट बेसिसवर. भाड्याची एक कॉट."

"बरं. ठेव फोन."

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. म्हणाल्या, "भास्कररावांनी फिल्मवरचे ठिपके उमटू नयेत म्हणून लाल रंग लावून झाकले म्हणे. त्यांना धूळ वाटली." त्यांचा आवाज कोरडा होता. "सगळ्यांना धूळ वाटली असती, वंदना. त्यांना वाटायला नको होती." आणि मी मान हलवली. होय म्हणून मान हलवली मी. बालवाडीला जायच्या प्रती समोर घेऊन ताई बारीक निबने एकेका पानावर मुंग्या काढत बसल्या आणि मी त्यांना प्रती उघडून देत होते.

त्यानंतर ताई छापखान्यात गेल्या नाहीत. भास्कररावांना वाटलं, आठ दिवसांत राग निवळेल. ताईंना राग आलाच नव्हता, हे त्यांना कळायला उशीर झाला. राग असता तर भांडल्या असत्या.

आता व्यक्तिगत जिव्हाळा. माझ्या खोलीला खिडकी नव्हती. हे मी कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. त्याच दिवाळीत ताईंनी मला एक खिडकी चितारून आणून दिली, चांगली दोन हात उंच. गज, गजापलीकडे पेरूचं झाड, त्यावर कावळा. "उजाडलं की बघत जा," म्हणाल्या. ती खिडकी मी भिंतीला लावू शकले नाही. गुंडाळून कॉटखाली ठेवली. ताईंनी विचारलं तेव्हा सांगितलं, की मालक खिळे ठोकू देत नाहीत. एक खोटं पचलं की दुसरं सोपं जातं.

मग जग बदललं तसं आमचंही. प्रकाशनसंस्थेने तयार चित्रांच्या सीड्या आणल्या, एका सीडीत शंभर म्हशी, सगळ्या विलायती. ताईंना काम कमी होत गेलं. छापखान्याच्या जागी इमारत आली, भास्करराव मुलाकडे वाघोलीला गेले. मी दुप्पट पगारावर हडपसरच्याच एका आयटी कंपनीत लागले. गळ्यात ओळखपत्र, कंपनीची बस. ताईंच्या खिडकीसमोर पूर्वी भाजीचा मळा होता, तिथे काचेची इमारत उभी राहिली. कशी वाटते, म्हणून मी विचारलं. म्हणाल्या, "काढण्यासारखं काही नाही तिच्यात. माझीच खिडकी दिसते. आत एक बाई बसलेली असते."

एका शनिवारी मला सुट्टी होती आणि मी गावात आले होते. छापखाना होता त्या गल्लीच्या तोंडाशी बसथांबा आहे. तिथे ताई बसल्या होत्या, मांडीवर कापडी पिशवी. हडपसरची बस आली, गेली. दुसरी आली, गेली. सव्वाचार वाजले होते. मी रस्त्याच्या पलीकडे उभी होते आणि मला रस्ता ओलांडता आला नाही. तिसऱ्या बसने ताई गेल्या. त्या आधीही तशा येत असतील, आणि नंतरही. मी कधी विचारलं नाही.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त या ग्रंथासाठी लेख मागितला गेला तेव्हा मी आधी एक व्यवस्थित लेख लिहिला. त्यात 'थोर' हा शब्द सात वेळा आला होता. तो फाडला आणि हा लिहायला घेतला. पण छापून आल्यावर त्यांनी तो चारचौघांत वाचावा, ही आणखी एक फसवणूक झाली असती. म्हणून गेल्या महिन्यात मी कागद घेऊन हडपसरला गेले आणि इथपर्यंत वाचून दाखवला.

ताई ऐकत होत्या. मध्ये एकदा उठून त्यांनी पंखा बंद केला, कागद उडत होते म्हणून. माझं वाचून संपलं. मी रडत होते. त्यांनी मला रडू नको म्हटलं नाही. म्हणाल्या, "म्हणजे फिल्मवर मुंग्या नव्हत्याच."

"नव्हत्या, ताई."

"आणि मूळ चित्रं तर त्यांच्याकडे गेलीच नव्हती."

"नाही."

"मग त्यांनी त्या अजून पाहिलेल्याच नाहीत," त्या म्हणाल्या. आणि उठल्या. पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढायला लागल्या, गुडघ्यांची पर्वा न करता. मी पुढे झाले तर हाताने थांबवलं. सोळा चित्रं काढून पिशवीत घातली, केस सारखे केले, आरशात नाही, काचेच्या त्या इमारतीकडे बघून. "वाघोलीला रिक्षा सरळ जाते का?"

वाघोलीला दार भास्कररावांनीच उघडलं. ऐकायला कमी येतं त्यांना आता. ताई मोठ्याने म्हणाल्या, "तुम्हाला ही चित्रं दाखवायची राहिली होती." भास्कररावांनी ताईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांना कळलं. "बसा," म्हणाले. "भिंग कुठं ठेवलंय बघतो." दोघं आत गेले. मला कुणी बस म्हटलं नाही आणि ते बरोबरच होतं. मी बाहेर जिन्यात बसले. तासभराने आतून चहा टाकल्याचा आवाज आला. तो दोघांपुरता होता.

ताई, आपण मला माफ केलंत की नाही हे मी विचारलेलं नाही आणि विचारणार नाही. परवानगी मात्र आपण दिलीत: "छाप. 'थोर' तेवढं परत घालू नको." घातलेलं नाही. या ग्रंथात लिहिणाऱ्या सर्वांच्या वतीने मी आपल्याला उदंड आयुष्य आणि उत्तम आरोग्य चिंतते. त्यातही गुडघे धड राहोत असं विशेष चिंतते, कारण भास्करराव तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि तिथली लिफ्ट बहुतेक शनिवारी बंद असते.