मोरीकडे झुकलेली फळी

फेब्रुवारी १९५४, रविवार सकाळ. हजर: सासूबाई, हे आणि मी. मुलांना गच्चीवर पिटाळलं होतं. हातोडी दिसली की ती मदतीला येतात.

इकडे बंगालात, बेहालाच्या आमच्या ह्या भाड्याच्या घरात स्वयंपाकघर म्हणजे मागचा बंद केलेला व्हरांडा. लांबट आणि अरुंद. एका टोकाला शेगडी, दुसऱ्या टोकाला मोरी. त्या थंडीत सासूबाईंचे गुडघे पार धरले. पोळपाट घेऊन खाली बसायचं म्हणजे उठवायला दोघं लागत.

"आयतं खायला मी इथे राहायची नाही," त्यांनी जाहीर केलं.

नागपूरला थोरल्या दिरांकडे उभ्याने काम करायचा ओटा आहे. ओळखीचं एक कुटुंब लवकरच तिकडे निघणार होतं. त्यांच्या सोबतीने जायचं, हे जवळजवळ ठरलंच होतं. मला त्या जायला नको होत्या. मुलं आपसात बंगालीच बोलतात. घरात दिवसभर मराठी ऐकू येते ती सासूबाईंच्या तोंडून, बहुतेक वेळा मुलांना रागावताना.

म्हणून फळी. ओटा बांधायला जागा नव्हती आणि घरमालक तयार नव्हते. भिंतीला बिजागऱ्यांवर फळी लावायची. पोळ्यांच्या वेळी उचलून खाली दोन तिरके टेकू द्यायचे, काम झालं की सोडून द्यायची. ह्यांनी शनिवारीच ती लावली. रविवारी सासूबाईंनी पहिली पोळी लाटली, लाटणं फळीवर ठेवलं, आणि ते घरंगळत थेट मोरीत जाऊन पडलं.

"बघा. लाटणंसुद्धा निघालं नागपूरला."

"आई, फळी सरळ आहे," हे म्हणाले. "दोन्ही टोकं जमिनीपासून मोजलीत. शिवाय भिंतीवर रंगवलेल्या काळ्या पट्ट्याला धरून लावलीय."

"मग माझं लाटणं वाकडं असेल!"

ह्यांनी मोरीकडच्या, उजव्या टेकूखाली पाचर ठोकली. फळीची पुढची कड उचलली गेली, भिंतीकडची होती तिथेच राहिली. फळीला पीळ बसला आणि पोळपाट डुगडुगायला लागला. सासूबाई शेगडीजवळ जाऊन खाली बसू लागल्या. ते बघून मी परात आणली, तळाला पुरेल एवढं पाणी घालून फळीवर ठेवली. पाणी उजवीकडे जमा झालं. परात उचलताना थोडं हिंदकळलं, जमिनीवर सांडलं आणि त्याच वाटेने मोरीकडे निघालं.

ती जमीन मी रोज धुते. पाणी आपोआप मोरीत जातं, म्हणून खूशही असते.

"अहो, जमीनच उतरती आहे. पट्टा जमिनीला धरून रंगवलाय, आणि तुम्ही फळी पट्ट्याला धरून लावलीत."

ह्यांनी पाचर तशीच ठेवली आणि उजवी बिजागरी सोडवून बोटभर वर घेतली. परातीत पाणी सारखं पसरलं. लाटणं ठेवलं तिथे राहिलं. पण आता फळीखाली काळा पट्टा मोरीकडे उतरत गेलेला, आणि फळी बघावी तर तिरकी.

"वाकडी दिसतेय," ह्यांना चैन पडेना.

"दिसू दे. मला पोळ्या लाटायच्यात, फळीकडे बघत बसायचं नाहीये."

सासूबाई लाटू लागल्या. थोड्या पोळ्या झाल्यावर उजवा पाय उचलून पुन्हा टेकवला, पुन्हा उचलला. फळी सरळ झाली होती, पण त्या उभ्या होत्या उतारावरच. मी गोणपाटाची घडी त्या पायाखाली सरकवली.

शेवटची पोळी तव्यावर असताना त्या मागे न बघता म्हणाल्या, "त्या लोकांना कळवून टाक, सोबत नको म्हणून. आणि ह्या पायाखाली काहीतरी धड करून द्या मला."

"पुढच्या रविवारी," हे म्हणाले. "उताराच्या मापाने पाट तासून देतो."

पोळ्या अजून त्याच फळीवर होतात. घरी येणारा प्रत्येक जण ती वाकडी असल्याचं सांगतो. गोणपाट विरलं, दुसरं घातलं. पाट तासायचा राहिला आहे.